पत्रा, दोरा आणि आवाज

दहावीच्या गॅदरिंगची कॅसेट माझ्याकडे अजून आहे. फीत गुंतली की पेन्सिल घालून ती गुंडाळायची, हे आपल्यापैकी कोण विसरेल? त्या फितीत आवाज टिकतो कसा, हे शोधताना मला ओबरलिन स्मिथ भेटले.

स्मिथ यांचा जन्म १८४० चा, अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा. १८६३ मध्ये न्यू जर्सीतल्या ब्रिजटनला त्यांनी छोटे वर्कशॉप काढले. तीच पुढे फेराक्यूट मशीन कंपनी झाली. पत्रा कापणारे, वाकवणारे, साच्यात दाबून आकार देणारे प्रेस तिथे तयार होत. चीनमधल्या टांकसाळींनाही त्यांची यंत्रे गेली. स्मिथ यांच्या नावावर सुमारे ७० पेटंटे होती. १८९० मध्ये ते अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेचे अध्यक्ष होते आणि १८९६ मध्ये प्रेसकामावरचे त्यांचे पुस्तक आले.

पण मला मोह पडला तो त्यांनी अर्धवट सोडलेल्या एका कामाचा. एडिसनच्या फोनोग्राफमध्ये सुई घासली जाई आणि आवाजात खरखर येई. स्मिथ यांना सुचले, की दोऱ्यात पोलादाचा बारीक कीस मिसळायचा आणि तो दोरा तारेच्या वेटोळ्यातून ओढायचा. टेलिफोनकडून येणारा विजेचा प्रवाह बदलेल, तसा कीस कमीजास्त चुंबकित होईल. तोच दोरा पुन्हा वेटोळ्यातून नेला की आवाज परत मिळेल.

१८७८ मध्ये त्यांनी पेटंट कचेरीत या कल्पनेची प्राथमिक नोंद केली, पण पेटंट घेतले नाही. कारखान्याच्या व्यापात ते काम मागेच पडले. १८८८ मध्ये त्यांनी सगळी कल्पना 'इलेक्ट्रिकल वर्ल्ड' या नियतकालिकात छापून मोकळी केली. दहा वर्षांनी डेन्मार्कच्या पोल्सेन यांनी पोलादी तारेवर आवाज साठवून दाखवला. १९२८ मध्ये जर्मनीत फ्लॉयमर यांनी कागदी पट्टीवर लोखंडाची पूड चढवली. आपली कॅसेट त्याच वाटेवरची. ती पट्टी पाहायला स्मिथ नव्हते. १९२६ मध्येच ते गेले.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. हार्ड डिस्कही चुंबकानेच माहिती जपते. माझ्या डायरीत बऱ्याच कल्पना पडून आहेत. दुसऱ्याच्या नावावर जातील, या भीतीने मी त्या कुणाला दाखवल्या नाहीत आणि माझ्या हातूनही त्या पुऱ्या झाल्या नाहीत. शाळेत मात्र आपण परीक्षेच्या तोंडावरही एकमेकांना वह्या देत होतो! स्मिथ वाचल्यावर त्यातल्या दोन कल्पना मी ऑफिसमधल्या तरुण मुलांच्या हवाली केल्या.

आणि हो, कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आहे. ज्याला हवी, त्याने हक्काने मागावी.