महर्षी अण्णासाहेब कर्वे : एका व्यग्र जीवनाचा हिशेब

अंधेरी-बोरिवलीकडील आमचे जे ज्ञातिबंधू व भगिनी रोज सकाळी चर्चगेटची गाडी धरतात, त्यांच्या गाडीला अखेरच्या टप्प्यात रुळांच्या कडेने जाणारा एक रस्ता सोबत करतो. पाटीवरचे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे : महर्षी कर्वे मार्ग. ज्यांचे नाव ह्या रस्त्यास दिले गेले, ते गृहस्थ सुमारे एकशे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी गिरगाव व कोट ह्या भागांत एका शाळेतून दुसऱ्या शाळेत शिकवावयास जात असत, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी असते.

त्यांचे चरित्र यंदाच्या स्मरणिकेसाठी निवडण्यास एक लहानसे कारण घडले. वर्गणीच्या व कार्यकर्त्यांच्या शोधात आम्ही घरोघर हिंडतो, तेव्हा पैशाबद्दल सहसा कोणी नाही म्हणत नाही. वेळेबद्दल मात्र बहुतेक सारे म्हणतात. त्यांना दोष देण्याचा आमचा अधिकार नाही. मुलुंड किंवा घाटकोपरहून सकाळी निघालेला माणूस रात्री घरी टेकतो, पतिपत्नी दोघेही नोकरीवर असतात, मुलांचे क्लास असतात, वडीलधाऱ्यांची दुखणी असतात. स्वतः आम्हीदेखील गेल्या स्मरणिकेचा जमाखर्च सभेपुढे ठेवावयास चार महिन्यांचा विलंब लावला, आणि कारण तेच दिले. तेव्हा ज्याच्यापाशी वेळ खरोखरीच नव्हता आणि तरीही ज्याच्या हातून एवढी कामे उभी राहिली, तो पुरुष आपला दिवस कसा घालवीत होता, हे एकदा पाहावे असे वाटले.

धोंडो केशव कर्वे ह्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे झाला. बालपण मुरूडला गेले. घरची स्थिती साधारण. इयत्ता सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी १८७५ साली, ऐन पावसाळ्यात, ते सोबत्यांसह शंभराहून अधिक मैल पायी चालून साताऱ्यास गेले. आणि तेथे अंगयष्टी लहान पाहून, वय भरत नाही अशा समजुतीने, त्यांना परीक्षेस बसूच दिले नाही. तो मुलगा आला तसाच चालत परत गेला. पुढे त्यांनी इंग्रजी शिक्षण उशिराच धरले आणि १८८४ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, गणित हा विषय घेऊन एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले.

मुंबईतील त्यानंतरची सात वर्षे आमच्या वाचकांस सर्वांत ओळखीची वाटतील. सरकारी नोकरीची वाट न धरता त्यांनी शिक्षकी पत्करली, आणि ती एका ठिकाणची नव्हे. कॅथीड्रल मुलींची शाळा, अलेक्झांड्रा मुलींची शाळा आणि मराठा हायस्कूल, अशा तीन ठिकाणचे तास. त्यांच्या आगेमागे खाजगी शिकवण्या. दिवस पहाटे सुरू व्हावा आणि एका तासाची घंटा झाली की पुढच्या ठिकाणाकडे पावले वळावीत, असा हा क्रम. आज लोकलच्या वेळापत्रकाने आपला दिवस बांधला जातो, तसा त्यांचा दिवस शाळांच्या घंटांनी बांधलेला होता.

एवढ्या धावपळीत मनुष्य मिळालेला पैसा आणि उरलेला वेळ स्वतःसाठी राखील, तर त्यास कोण नावे ठेवील? अण्णासाहेबांनी दोन्हींची वाटणी आधीच ठरवून टाकली होती. मिळकतीचा ठरावीक हिस्सा सार्वजनिक कामासाठी बाजूला काढावयाचा, तो प्रथम काढावयाचा, आणि त्याची नोंद ठेवावयाची. मुरूडच्या मंडळींनी आपल्या प्राप्तीतून गावासाठी नियमित रक्कम द्यावी म्हणून त्यांनी मुरूड फंड काढला, तो ह्याच काळात. घरात शिकणारी मुले ठेवून घेण्याचा त्यांचा प्रघातही येथलाच. त्यांतील एक मुलगा म्हणजे त्यांचे नातलग रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, जे पुढे १८९९ साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ह्या आखीव दिवसात घरासाठी तास थोडे होते. त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी वारल्या. मागे लहानगा रघुनाथ राहिला. थोरांच्या चरित्रांत असे प्रसंग एका ओळीत उरकण्याची रीत आहे. पण जे घड्याळ जगाला वेळ देते, ते घरातल्या कोणाच्या तरी वाट्यातून तो काढून घेत असते, हे आमच्या भगिनीवर्गास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले ह्यांच्या आग्रहावरून कर्वे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले व पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद. वेतन दरमहा ७५ रुपये. तीन शाळा आणि शिकवण्या ह्यांच्या जागी एक कॉलेज आले, म्हणजे आता थोडे स्वास्थ्य लाभेल, अशी कोणाचीही अपेक्षा असती.

ते स्वास्थ्य त्यांनी फार काळ भोगले नाही. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी आपले स्नेही नरहरपंत जोशी ह्यांच्या विधवा भगिनी गोदूबाई ह्यांच्याशी पुनर्विवाह केला. गोदूबाई ह्या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. विवाहानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि महाराष्ट्र त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागला. ह्या विवाहाचा परिणाम काय झाला, ते ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत तरी स्पष्ट लिहिले पाहिजे. मुरूडच्या ज्ञातिबांधवांनी सभा भरवून त्यांना बहिष्कृत केले. ज्या गावासाठी त्यांनी फंड काढला, त्या गावात आपल्याच आईच्या व भावाच्या घरी उतरण्याची त्यांना चोरी झाली, कारण त्यांना थारा देणाऱ्या कुटुंबावरही तोच प्रसंग येता. आज अनेक ज्ञातींच्या सभागृहांत अण्णासाहेबांची तसबीर लागते, हार चढतो. तो चढविताना, ज्ञाती म्हणून आपण अशा माणसाशी एकेकाळी कसे वागलो, ह्याचीही आठवण ठेवणे बरे. बहिष्कार घालणाऱ्या त्या सभेस वेळेची अडचण पडली नसावी, असा एक विचार लिहिताना मनात येऊन गेला.

अण्णासाहेबांनी मुरूडकरांशी वाद घालण्यात दिवस घालविले नाहीत. त्यांच्या कार्यपद्धतीचे एक मर्म आम्हांस येथेच दिसते. १८९३ मध्येच त्यांनी विधवाविवाहाच्या पुरस्कारासाठी मंडळी स्थापिली होती. पण केवळ विवाह लावून प्रश्न सुटत नाही, विधवेला स्वतःच्या पायावर उभे करावयाचे तर शिक्षण पाहिजे, अशी खात्री पटताच त्यांनी आपला सगळा जोर तिकडे वळविला. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली. एकाच वेळी दहा कामांची ओझी वाहणारे पुष्कळ असतात. एक काम नीट मार्गी लावून दुसऱ्यास हात घालणारे विरळा.

पुण्यात प्लेगने कहर केला, तेव्हा आश्रम शहराबाहेर हलविणे भाग पडले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले ह्यांनी हिंगणे येथील आपली सहा एकर जागा आणि झोपडीसाठी ७५० रुपये दिले, आणि १९०० साली आश्रम त्या माळावर गेला. आज कर्वेनगर म्हणून जो भाग पुण्यात ओळखला जातो, तोच हा माळ. तेव्हा तेथे धड रस्ताही नव्हता. शहरापासून अंतर सुमारे चार मैल.

मग अण्णासाहेबांचा दिवस असा होऊ लागला. दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवावयाचे. कॉलेज सुटले की आश्रमाला लागणारे जिन्नस घेऊन पायी हिंगण्यास जावयाचे. पावसाळ्यात ही वाट म्हणजे नुसता चिखल. संध्याकाळी आश्रमाची विचारपूस, हिशेब, मुलींचा अभ्यास. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालत शहरात, पुन्हा गणित. हा क्रम दोनचार दिवसांच्या उत्साहाचा नव्हता. त्यात वर्षे गेली. कॉलेजच्या सुट्ट्या लागल्या म्हणजे विश्रांती घ्यावयाची सोडून ते वर्गणी गोळा करण्यासाठी गावोगाव फिरत. वर्गणी रुपयाची असो वा आण्याची, तिची नोंद झालीच पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत त्यांच्यावर विश्वास बसला तो वक्तृत्वामुळे नव्हे. वक्ते म्हणून ते मुळीच प्रसिद्ध नव्हते. तो बसला वह्यांमुळे.

बाया ह्या साऱ्यात कोठे होत्या? संसारात. पंचाहत्तर रुपयांतून आधी आश्रमाचा वाटा निघे, विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे झाली, तेव्हा मुलांचे कसे होणार ही चिंता त्यांनीच वाहिली. त्यांनी सुईणपणाचे शिक्षण घेऊन संसारास हातभार लावला. आश्रमासाठी त्यांनीही कष्ट केले आणि प्रसंगी पतीशी भांडणही केले. त्यांचे आत्मचरित्र, माझे पुराण, वाचणाऱ्यास अण्णासाहेबांच्या दिनक्रमाची दुसरी बाजू कळते. आमच्या मते दोन्ही पुस्तके, अण्णासाहेबांचे आत्मवृत्त आणि बायांचे पुराण, घरात शेजारी शेजारी असावीत.

बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले ह्याही विधवा. त्या आश्रमात शिकल्या व पुढे आश्रमासाठी निधी जमविण्यास बाहेर पडल्या. माणसे तयार करणे आणि मग काम त्यांच्यावर सोपविणे, हे अण्णासाहेबांना साधले होते. १९०७ मध्ये महिला विद्यालय निघाले; त्यानंतर थोड्याच काळात, अल्प वेतनावर आयुष्य वाहून घेणाऱ्या कार्यकर्त्यांचा निष्काम कर्ममठ उभा राहिला. आपल्यावाचून संस्था चालणार नाही, असे मानण्यात अनेक कार्यकर्त्यांचा अर्धा दिवस जातो. अण्णासाहेबांची आश्रमावर माया कमी होती असे नाही. परंतु चालते झालेले काम इतरांच्या हाती देऊन ते पुढच्या कामासाठी मोकळे होत.

ह्या मोकळेपणातूनच महिला विद्यापीठ जन्मास आले. १९१४ साली तेवीस वर्षांच्या नोकरीनंतर ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईस सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी तशा विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ च्या मध्यास विद्यापीठ सुरूही झाले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती व परांजपे कुलगुरू. कॉलेजात पहिल्या वर्षी विद्यार्थिनी किती? पाच. पाच मुलींसाठी अठ्ठावन्न वर्षांचा निवृत्त गृहस्थ गावोगाव वर्गणीस निघाला. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी पंधरा लक्षांची देणगी जाहीर केली व त्यांच्या मातोश्री नाथीबाई ह्यांचे नाव विद्यापीठास मिळाले. १९३६ साली त्याचे मुख्य ठाणे मुंबईस आले. आमच्या उपनगरांतील कित्येक मुली एस. एन. डी. टी. च्या चर्चगेटच्या वा जुहूच्या आवारात शिकल्या आहेत. त्यांच्यापैकी कोणी हे वाचीत असेल, तर तिच्या वर्गाचा आरंभ त्या पाच जणींपासून झाला.

परदेश दौऱ्यांचे वर्णन येथे विस्ताराने करीत नाही. १९२९ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, ते युरोपास निघाले. तेथून अमेरिका व जपान करून आले. आणि परतल्यावर काही महिन्यांतच आफ्रिकेतील हिंदी लोकांकडे निधीसाठी गेले, ते १९३२ मध्ये परत आले. ह्या वयात आम्ही डॉक्टरांच्या भेटीखेरीज दुसरी वेळ कोणास देत नाही. असो.

आम्हांस अधिक मोल वाटते ते ह्यानंतरच्या कामाचे. विद्यापीठ मुंबईस गेले, त्याच १९३६ साली अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ह्या वृद्धाने ग्रामप्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले. ज्या खेड्यांत शाळा नाही तेथे शाळा काढणे, हा त्याचा उद्देश. प्रारंभीचे भांडवल म्हणजे त्यांच्या तुटपुंज्या पेन्शनीतून दरमहा बाजूला काढलेली रक्कम. मुंबईच्या शिकवण्यांच्या दिवसांतला नियम अर्ध्या शतकानंतरही तसाच होता. लाखांच्या देणग्या आणणारा हा माणूस पुन्हा लहानसहान वर्गणीसाठी पुण्यात दारोदार फिरू लागला. पुढे १९४४ मध्ये समता संघ स्थापन झाला. त्यामागे जातिभेदाच्या भिंती मोडाव्यात ही इच्छा होती. ज्ञातीने बाहेर काढलेल्या माणसाने शहाऐंशीव्या वर्षी ज्ञातींविषयी एवढेच उत्तर दिले.

१९५८ मध्ये वयाची शंभरी भरली, तेव्हा भारतरत्न हा किताब व त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट असे दोन्ही सन्मान त्यांच्या हयातीत झाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशे चौथ्या वर्षी झालेल्या वाढदिवसानंतर काही महिन्यांनी, पुण्यास त्यांचे निधन झाले. तोपर्यंत हिंगण्याच्या त्या माळावर पक्क्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. गणेश गोविंद गोखल्यांच्या देणगीतून बांधलेल्या पहिल्या झोपडीची आठवण तेथे आजही जपलेली आहे. पुण्यास जाणे झाल्यास आमच्या सभासदांनी मुलाबाळांसह ती जागा पाहावी, आणि जमल्यास फर्ग्युसनच्या फाटकापासून तेथवर एकदा चालत जावे.