‘का’ या अक्षराचा यात्रेकरू : रेव्ह. नहेम्या गोरे

मंडळीतील एखादी तरुण माता तान्ह्या लेकराला मागे ठेवून प्रभूकडे गेली आहे, तिचा दफनविधी आटोपून आपण कबरस्थानातून परतत आहोत, अशा वेळी कोणीतरी हलक्या आवाजात विचारतो, असे का व्हावे? लगेच एखादी वडीलधारी व्यक्ती त्याला गप्प करते. देवाला जाब विचारू नये, असे बजावते. विचारणारा खजील होतो. त्याची श्रद्धा कच्ची ठरते. परंतु ‘का’ असे विचारल्यावाचून मनुष्याला राहवत का नाही, आणि तसे विचारणे हे खरोखरच अश्रद्धेचे लक्षण आहे काय, याचा विचार आपण क्वचितच करतो. तो करावयाचा तर ज्यांचे अवघे आयुष्य या एका अक्षराच्या सोबतीने गेले, अशा एका प्रभूच्या दासाचे चरित्र आपण डोळ्यांपुढे आणू या.

नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी झाशीजवळील काशीपुरा या गावी एका कोकणस्थ ब्राह्मण कुटुंबात झाला. हे कुटुंब पुढे काशीस स्थायिक झाले. घरात मराठी, दारात हिंदी आणि पाठशाळेत संस्कृत, अशा वातावरणात नीळकंठ वाढला. शास्त्राध्ययनाच्या त्या परंपरेत शंका काढणे हा अपराध नव्हता. आधी पूर्वपक्ष पूर्ण बळाने मांडावयाचा आणि मगच त्याचे खंडन करावयाचे, ही तिथली शिस्त. जी गोष्ट बुद्धीला पटली नाही ती केवळ वडिलांची म्हणून धरून ठेवावी, हे या तरुणाच्या स्वभावातच नव्हते. त्याचे घराणे शैव होते. तो मात्र विचारांती विष्णूचा उपासक झाला.

त्या काळी काशीच्या रस्त्यांवर मिशनरी उपदेश करीत. नीळकंठशास्त्र्यांना त्याचा संताप येई. या परक्यांना वादात निरुत्तर करावे, या निश्चयाने ते चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. विल्यम स्मिथ यांच्याकडे गेले. स्मिथसाहेबांनी वाद वाढविण्याऐवजी त्यांना पवित्र शास्त्र वाचावयास दिले. जॉन म्यूर या विद्वान अधिकाऱ्याने संस्कृतात लिहिलेला ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथही त्यांनी अभ्यासला आणि १८४४-४५ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ या संस्कृत ग्रंथाने त्याला उत्तर दिले. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते.

त्या उत्तरातील एक प्रश्न आपण लक्षात ठेवला पाहिजे. निष्पाप दिसणारा जीव दुःख का भोगतो? पूर्वजन्मीचे कर्म मानले म्हणजे या विषमतेचा हिशेब लागतो, असे शास्त्रीबुवांचे म्हणणे होते. पण पूर्वजन्म नाही असे म्हटले तर दयाळू व न्यायी देवाच्या सृष्टीत असे का घडते, हे ख्रिस्ती लोकांनी सांगावे. वाचकहो, हा प्रश्न क्षुल्लक नव्हता आणि आजही नाही. आपल्या मंडळीतील कबरस्थानाच्या वाटेवर विचारला जातो तो हाच.

खंडन करावयाचे म्हणून शास्त्रीबुवा शुभवर्तमान वाचीत गेले. प्रभूचे डोंगरावरील प्रवचन वाचताना मात्र त्यांच्या मनाची पकड सैल होऊ लागली. हे वचन बोलणारा कोण, हा नवा प्रश्न त्यांना सोडीना. घरचे लोक, गुरुजन, काशीतील मान, सारे एका बाजूला आणि हा प्रश्न दुसऱ्या बाजूला, असा झगडा बरेच दिवस चालला. अखेर १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला व नहेम्या हे नाव धारण केले.

येथे एखादी साक्ष संपते. नहेम्या गोऱ्यांची मात्र खरी कसोटी यापुढेच होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांना सप्टेंबर १८५३ मध्ये कन्या झाली आणि त्यानंतर काही महिन्यांतच त्यांचे निधन झाले. तान्ह्या मुलीला, एलनला, दुसऱ्या कुटुंबाच्या हवाली करावे लागले. निष्पाप जीवाच्या दुःखाचा जो प्रश्न त्यांनी पूर्वी प्रतिपक्षापुढे टाकला होता, तो आता त्यांच्याच घरात येऊन बसला होता.

१८५४ साली पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंग यांच्यासमवेत ते इंग्लंडला गेले. ख्रिस्ती राष्ट्र म्हणून ज्याची कल्पना केली होती तेथे त्यांना ऐश्वर्य दिसले, धावपळ दिसली. डोंगरावरील प्रवचनाचे जीवन फारसे दिसले नाही. त्यांची ही घोर निराशा मॅक्स म्युलर यांनी आपल्या आठवणींत नमूद केली आहे. तरीही ते मागे फिरले नाहीत. स्वदेशी परतल्यावर १८६० साली त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ लिहून सहा दर्शनांची परीक्षा केली. लवकरच त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. १८६८ साली त्यांना डीकनपदाची आणि १८७० साली धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली.

प्रश्नांनी मात्र त्यांची पाठ सोडली नाही. सार्वकालिक दंडाच्या सिद्धान्तावर काशीचा तरुण पंडित आक्षेप घेत असे. त्याच आक्षेपांना उत्तर देणारी पुस्तिका पुढे नहेम्या गोऱ्यांनी लिहिली. ज्याला प्रश्न ठाऊक असतो तोच असे उत्तर लिहू शकतो. शंकांनी त्यांना आयुष्यभर पीडले, हे त्यांच्या चरित्रकारांनी लपविलेले नाही. आणि नवल असे की, याच शंकाकुल मनुष्याकडे प्रश्न घेऊन येणाऱ्यांना आधार मिळे. पंडिता रमाबाईंची व त्यांची पुण्यास गाठ पडली. १८८३ साली रमाबाईंनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, त्यामागे गोऱ्यांच्या लेखनाचाही वाटा होता आणि त्यांनी तो कृतज्ञतेने मान्य केला.

भाषांतराच्या मेजावर बसणाऱ्याला ‘का’ हा शब्द वारंवार अडवतो. हिब्रू भाषेत त्याला दोन शब्द आहेत. ‘मद्दूआ’ म्हणजे बहुधा कोणत्या कारणाने. ‘लामा’ म्हणजे शब्दशः कशाकरिता. त्यांतील सीमारेषा सर्वत्र काटेकोर नाही, पण भेद अर्थपूर्ण आहे. मराठीत दोहोंना एकच ‘का’ पुरतो आणि आपल्या मनातही दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. जन्मांधाला पाहून शिष्यांनी विचारले ते कारण होते : पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले, या मनुष्याच्या ठायी देवाचे कार्य प्रकट व्हावयाचे आहे असे सांगितले आणि चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावला. प्रभूने मागचा हिशेब उलगडला नाही. तो त्या आंधळ्याच्या जवळ गेला. आणि बाविसाव्या स्तोत्रात आक्रोश करणाऱ्याचा शब्द कोणता? ‘लामा’. वधस्तंभावर प्रभूने तोच प्रश्न आपल्या बोलीत उच्चारला.

मनुष्य ‘का’ विचारतो, याचे मूळ आम्हाला येथे दिसते. पशूलाही वेदना होतात, पण तो न्यायाची अपेक्षा करीत नाही. मनुष्य करतो, कारण जग असे असावयास नको होते, अशी खूण त्याच्या अंतःकरणात निर्माणकर्त्याने ठेवली आहे. शिवाय ज्याच्याकडून उत्तराची आशाच नाही, त्याला कोणी प्रश्न करीत नाही. म्हणून दुःखातून उठलेला ‘का’ हा, विचारणाऱ्याला कळो वा न कळो, अर्धी प्रार्थनाच असतो. काशीतील नीळकंठशास्त्री आणि नहेम्या गोरे यांचा प्रश्न एकच होता. फरक इतकाच की, पूर्वी तो त्यांनी ग्रंथांना विचारला; पुढे तो अशा प्रभूसमोर ठेवला, ज्याने स्वतः तो प्रश्न विचारला होता.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्या मुलीला मातेविना वाढावे लागले, त्या एलन लक्ष्मी गोरे भक्तिगीतांच्या कवयित्री झाल्या. प्रभूच्या सान्निध्यातील विसाव्यावर त्यांनी रचलेले इंग्रजी गीत देशोदेशीच्या मंडळ्यांनी गायिले. त्यामुळे पित्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, असे आम्ही म्हणणार नाही. मातेचा मृत्यू हा मृत्यूच होता. परंतु प्रश्न घेऊन जगलेल्या घरातही स्तुतीचे गीत उमलू शकते, एवढे त्यावरून निश्चित कळते.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी कबरस्थानाच्या वाटेवर कोणी हलक्या आवाजात ‘का’ असे विचारील, तेव्हा त्याला दटावू नका. घाईने उत्तरही देऊ नका. त्याचा हात धरून त्याच्यासोबत चाला आणि तो प्रश्न त्याच्यासह प्रभूपुढे ठेवा.