सात तास पंधरा मिनिटं

मित्रांनो, मंचरहून पहाटेची एस.टी. पकडली तरी पुण्याला किती वाजता पोचू, हे चाकणचं ट्रॅफिक ठरवतं! जुन्नर-आंबेगावात विमानतळ नाही. आपल्याला विमान दिसतं ते हॉस्टेलच्या गच्चीवरून. पण अंतर, वेग आणि वेळेचं गणित हवेत सोडवणाऱ्या एका माणसाची ओळख आपण करून घ्यायलाच हवी. ते म्हणजे जे.आर.डी. टाटा.

जन्म 29 जुलै 1904, पॅरिसचा. फ्रान्समधल्या समुद्रकिनारी सुट्टीत विमानं पाहिली आणि पंधराव्या वर्षी विमानात पहिली फेरी मारली. तेव्हापासून वेडच लागलं. केंब्रिजला जाऊन इंजिनिअर व्हायचं होतं, पण वडिलांनी भारतात बोलावून घेतलं. 1926 साली वडील गेले, डिग्री राहिली ती राहिलीच. ही सल त्यांना कायम होती. पण शिकणं थांबलं नाही. फेब्रुवारी 1929 मध्ये भारतात दिलेलं पहिलं वैमानिक लायसन्स त्यांच्या हातात पडलं.

1930 साली भारत-इंग्लंड एकट्याने उडण्याची आगाखान स्पर्धा होती. जे.आर.डी. कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. वाटेत इजिप्तमध्ये अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडले होते. जे.आर.डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग देऊन टाकले. स्पर्धा अस्पींनी थोडक्या तासांनी जिंकली!

15 ऑक्टोबर 1932. टपालाच्या पिशव्या घेऊन त्यांचं छोटं 'पस मॉथ' विमान सकाळी 6.35 ला कराचीहून उडालं आणि अहमदाबादमार्गे दुपारी 1.50 ला जुहूला उतरलं. कराची-मुंबई सरळ अंतर सुमारे 880 किमी. अहमदाबादवरून ते 1030 च्या आसपास भरतं. ताशी 160 किमी धरले तर हवेतले साडेसहा तास, उरलेला पाऊण तास उतरणं आणि पेट्रोल भरणं. रेडिओ नाही, रडार नाही. करा कॅल्क्युलेटरवर, जमतं का बघा! पुढे मद्रासपर्यंतचं टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेलं.

याच टपालसेवेतून 1946 साली एअर इंडिया झाली. 1953 साली सरकारने ती ताब्यात घेतली, तरी 1978 पर्यंत अध्यक्ष तेच. 1982 साली, वयाच्या 78 व्या वर्षी, त्यांनी तोच कराची-मुंबई प्रवास पुन्हा एकट्याने केला. 1992 साली भारतरत्न मिळालं. 29 नोव्हेंबर 1993 ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं. एअर इंडिया टाटांकडे परतली ती 2022 मध्ये. ते पाहायला ते नव्हते.

आपल्याशी त्यांचा काय संबंध? खोडदची जीएमआरटी दुर्बीण ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, तिच्यासाठी होमी भाभांच्या पाठीशी उभे राहिलेले हेच जे.आर.डी.

तेव्हा मित्रांनो, केटी लागली म्हणून खचू नका. डिग्री मिळवाच, पण शेजाऱ्याचं काम अडलं असेल, तर आपला जादा स्पार्क प्लग द्यायला विसरू नका!