दुनळी बंदूक आणि बेलहेल्व्हीचे पाळक

बालाघाटकडील एका जुन्या मालगुजारी वाड्यात भिंतीला टांगलेली दुनळी बंदूक आम्ही हातात घेऊन पाहिली आहे. ती ठासणीची, बार तोंडाकडून भरावयाचा. दोन नळ्या शेजारी शेजारी जोडलेल्या, खाली ठासावयाचा गज, मागे दोन घोडे आणि दोन चाप. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. प्रत्येक घोड्याखाली एक पोकळ बोंडी असून तिच्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसवावयाची. घोड्याचे नाकही मुद्दाम पोकळ ठेवलेले, म्हणजे फुटलेल्या टोपीच्या चिंध्या उडून डोळ्यांत जाऊ नयेत. लाकडातली पाचर काढली की दोन्ही नळ्या दस्त्यापासून सुट्या होतात आणि धुवावयास सोपे जाते.

ह्या टोपीच्या मागे जो शोध आहे तो कोणा सेनापतीचा नव्हे, खेड्यातल्या एका पाळकाचा आहे, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल.

रेव्ह. अलेक्झांडर जॉन फोरसाईथ ह्यांचा जन्म १७६८ साली स्कॉटलंडात अ‍ॅबरडीनच्या उत्तरेस बेलहेल्व्ही येथे झाला. (सातपुड्याच्या रानांवर ग्रंथ लिहिणारे कॅप्टन जेम्स फोरसाईथ ते निराळे.) वडील तेथलेच पाळक होते. त्यांच्यामागून १७९१ साली तीच मंडळी मुलाकडे आली. उपदेश, भेटी, आजाऱ्यांची विचारपूस ह्यांतून उरलेला वेळ पाळकसाहेब आपल्या छोट्या कारखान्यात रसायने आणि लोखंड ह्यांच्या संगतीत घालवीत. पाखरांच्या शिकारीचा नादही होता, आणि शोध लागला तो ह्या नादापायीच.

त्या काळची बंदूक चकमकीची. चाप ओढला की गारगोटी पोलादावर घासे, ठिणगी बाहेरच्या रंजकावर पडे आणि मग आतला बार पेटे. रंजकाचा भडका दिसताच बदक सावध होई, आणि बार उडेपर्यंत ते जागेवर नसे. पावसात रंजक भिजे, वाऱ्यात उडून जाई. दुनळीत तर हा त्रास दुप्पट. फोरसाईथ ह्यांनी ठिणगीच काढून टाकली. नुसत्या ठोक्याने पेटणारी द्रव्ये रसायनज्ञांना माहीत होती. पण ती इतकी दांडगी की बार म्हणून भरली तर नळीच फुटावी. म्हणून त्यांनी मुख्य बार साध्या दारूचाच ठेवला आणि ठोक्याच्या दारूचे चार कण फक्त तो पेटविण्यास वापरले. हे कण अत्तराच्या कुपीसारख्या एका फिरत्या डबीत असत. डबी फिरविली की कण जागेवर पडत, परत फिरवून घोडा सोडला की बार तत्काळ उडे. तांब्याची टोपी ही पुढे इतरांनी केलेली सुधारणा.

१८०६ साली ते हे यंत्र घेऊन लंडनला गेले. तोफखान्याचे प्रमुख लॉर्ड मॉयरा ह्यांनी त्यांना टॉवरमध्ये जागा दिली. मंडळीसाठी बदली पाळकाची सोयही झाली. पण १८०७ साली लॉर्ड चॅटम त्या जागी आले आणि त्यांनी पाळकसाहेबांना सामानासकट बाहेर काढले. त्याच वर्षी फोरसाईथ ह्यांनी पेटंट घेतले. वाफेच्या यंत्राचे जेम्स वॉट ह्यांची त्यांना मदत होती, आणि कागद असा पक्का झाला होता की नामांकित बंदूककारांशी झालेले खटलेही पाळकसाहेबांनीच जिंकले. नेपोलियनने मोठी रक्कम देऊ केली असता त्यांनी ती नाकारली, असेही सांगतात.

पाळकाने बंदुकीत का लक्ष घालावे, असे शब्बाथशाळेतील मुले विचारतील. प्रश्न रास्त आहे. पाखरांसाठी केलेली वस्तू सैन्याच्या हाती आपोआप गेली असे आम्ही म्हणणार नाही. ती टॉवरमध्ये त्यांनीच नेली. १८३४ साली वूलिच येथे दोन्ही तऱ्हांच्या बंदुकांनी सहा सहा हजार बार काढून पाहिले. चकमकीचे ९२२ बार फुकट गेले, ठोक्याचे अवघे ३६. शिकाऱ्याला ही आनंदाची गोष्ट. रणांगणावर समोर उभ्या असलेल्या मनुष्याला ती कशी वाटली असेल, हेही मुलांना सांगावे. १८५७ च्या बंडात ज्यांच्या काडतुसांवरून भडका उडाला त्या एन्फील्ड बंदुकाही टोपीच्याच होत्या.

फोरसाईथ बेलहेल्व्हीस परतले आणि अखेरपर्यंत तेथेच पाळक राहिले; एकाच मंडळीची बावन्न वर्षे सेवा. सरकारने १८४२ साली त्यांना दोनशे पौंड दिले. १८४३ च्या मे महिन्यात स्कॉटलंडची मंडळी दुभंगून फ्री चर्च निघाले. त्याच फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ साली आमच्या शेजारी नागपुरास आले. दुफळीनंतर थोड्याच आठवड्यांनी, ११ जून १८४३ रोजी, फोरसाईथ प्रभूवासी झाले. सरकारने आणखी एक हजार पौंड मंजूर केले ते त्यांच्या मृत्यूनंतर. ते नातेवाइकांत वाटले गेले.