एसी सोर्स निवडताना मला स्टाइनमेट्झ का आठवतो?

मुळशी तालुक्यात पिरंगुटला एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये मी काम करतो. पंप, कंट्रोल पॅनेल, चार्जर असा माल बाजारात जाण्याआधी आमच्याकडे तपासायला येतो. सध्या टेबलावर नव्या हाय-पॉवर एसी सोर्सची तीन कोटेशनं पडली आहेत. एसी सोर्स म्हणजे हवं ते व्होल्टेज आणि हवी ती फ्रिक्वेन्सी स्थिर देणारं यंत्र. मग भिंतीतल्या सॉकेटवर टेस्ट का करत नाही? कारण पावसाळ्यात तिथे सकाळी एक व्होल्टेज असतं, संध्याकाळी दुसरंच. काल पास झालेली मोटर आज नापास झाली, तर दोष मोटरचा की लाइनचा, काय सांगणार?

मागच्या वेळी सोर्स निवडताना मी चूक केली. ती समजून घ्यायला वाचत गेलो आणि चार्ल्स स्टाइनमेट्झपाशी पोचलो. त्याची गोष्ट सांगतो, सोर्स कसा निवडायचा ते त्यातच येईल.

त्याचा जन्म ९ एप्रिल १८६५चा, ब्रेस्लाउ गावातला. तेव्हा ते प्रशियात होतं, आज पोलंडमध्ये आहे. पाठीला कुबड, मोठेपणीही उंची जेमतेम चार फूट, पण गणितात भलताच तल्लख. डॉक्टरेट हाताशी आली होती, तेवढ्यात समाजवादी वृत्तपत्राच्या कामामुळे पोलीस मागे लागले. १८८८मध्ये देश सोडून तो झुरिकला गेला आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरला. खिशात पैसे नाहीत, इंग्रजी धड येत नाही, त्यात शरीर असं. अधिकारी त्याला परतच पाठवणार होते. सोबतच्या मित्राने हमी घेतली, म्हणून आत प्रवेश मिळाला.

योंकर्स इथे रुडॉल्फ आयकेमायर यांच्या कारखान्यात त्याला काम मिळालं. तिथे मोटरींचा एक प्रश्न होता, त्यांचं लोखंड तापायचं. एसीमध्ये लोखंडाचं चुंबकत्व सेकंदाला कित्येकदा उलटसुलट होतं आणि प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. याला हिस्टेरिसिस म्हणतात. ही गळती किती, ते तोवर मोटर बांधून चालवल्यावरच नीट कळायचं. स्टाइनमेट्झने चिकाटीने मापं घेतली आणि १८९२मध्ये सूत्र मांडलं: ही हानी चुंबकीय घनतेच्या साधारण १.६व्या घातानुसार वाढते. म्हणजे घनता दुप्पट केली, तर हानी तिप्पट! आता मोटर कागदावरच तपासता येऊ लागली.

आपल्या कामाचा मुद्दा असा की लोखंड चुंबकत्व लगेच विसरत नाही. ट्रान्सफॉर्मर बंद केला तरी त्यात थोडं चुंबकत्व उरतं. पुन्हा चालू करताना नेमका चुकीचा क्षण सापडला, तर नेहमीच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त करंट क्षणभर उसळतो. थेट चालू केलेली इंडक्शन मोटरही सुरुवातीला पाच ते सात पट करंट ओढते. म्हणून पहिला प्रश्न: सोर्स पीक करंट किती देतो, आणि किती वेळ? दुसरा: साइन वेव्हच्या कोणत्या अंशावर चालू करायचं, ते ठरवता येतं का?

१८९३मध्ये शिकागोच्या विद्युत परिषदेसाठी त्याने आणखी मोठं काम केलं. एसीची किचकट गणितं त्याने संमिश्र संख्यांच्या साध्या बीजगणितात आणून ठेवली. व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी शिखरावर पोचत नाहीत. त्यामुळे करंटचा एक भाग काम करतो, दुसरा नुसता ये-जा करतो. दोन्ही भाग सोर्सलाच वाहावे लागतात.

माझी चूक नेमकी इथेच झाली. तपासायचा लोड ६ किलोवॉटचा होता, म्हणून मी ७.५ केव्हीएचा सोर्स घेतला. लोडचा पॉवर फॅक्टर निघाला ०.६. सहा भागिले ०.६, म्हणजे १० केव्हीए. सोर्स सारखा ट्रिप व्हायचा, ग्राहकाचा माल आठवडाभर अडकला, आणि ऑर्डरवर सही माझी होती.

पुढे आयकेमायर यांचा कारखाना जनरल इलेक्ट्रिकने घेतला आणि स्टाइनमेट्झ स्केनेक्टडीला गेला. तिथे तो युनियन कॉलेजात शिकवायचा, शहराच्या शिक्षण मंडळाचा अध्यक्षही झाला. लग्न केलं नाही, पण लॅबमधल्या सहायकाला मुलगा मानून त्याच्या बायकामुलांसकट एका घरात राहिला.

तारांवर वीज कोसळली की उपकरणं जळायची. संरक्षक साधनं तपासायला खरं वादळ कधी येईल, याची वाट किती बघणार? १९२२मध्ये त्याने १,२०,००० व्होल्टचा जनरेटर उभारून लॅबमध्येच कृत्रिम वीज पाडली. आपला सोर्सही लहान प्रमाणात तेच करतो. व्होल्टेज क्षणभर खाली आणतो, अर्धी सायकल गायब करतो, निर्यातीच्या मालासाठी २३० व्होल्ट ५० हर्ट्झऐवजी १२० व्होल्ट ६० हर्ट्झ देतो. सोलर इन्व्हर्टर तपासायचा असेल, तर उलट येणारी वीज परत घेणारा सोर्सच लागतो.

२६ ऑक्टोबर १९२३ला स्टाइनमेट्झ गेला. त्या सुमारास आमच्या मुळशीत टाटांचं धरण आणि जमिनी जाणाऱ्या मावळ्यांचा सत्याग्रह, दोन्ही चालू होतं. १९२७पासून मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याला पडून एसी वीज बनवतंय. एवढ्या लांब वीज न्यायचा हिशेब आजही स्टाइनमेट्झच्या पद्धतीनेच होतो.

तर, कोटेशनं. सगळ्यात स्वस्त आहे त्यात क्षमता फक्त किलोवॉटमध्ये दिली आहे आणि पीक करंट लिहिलेलाच नाही. ते आज सकाळीच परत पाठवलं. उरलेल्या दोघांकडून चालू करण्याच्या अंशाचं उत्तर यायचंय. तोवर मी सही करत नाही.