गुटमन यांनी पुन्हा उघडलेले खाते

१९७२ साली हायडेलबर्गला आपल्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेल्या या सांगलीच्या जवानाचे कौतुक सर्वांना ठाऊक आहे. पण या स्पर्धांचे मूळ ज्यांच्या कामात आहे, त्या डॉ. लुडविग गुटमन यांचे नाव आपल्या घरांत क्वचितच निघते.

गुटमन १८९९ साली तेव्हाच्या जर्मनीत जन्मले. १९१७ मध्ये इस्पितळात मदतनीस असताना त्यांनी पाठ मोडलेला एक धट्टाकट्टा खाणकामगार पाच आठवड्यांत मरताना पाहिला. अशा रोग्याची नोंदसुद्धा कोणी नीट ठेवत नसे. मी आयुष्यभर बँकेत खाती सांभाळली. माणूस जिवंत असताना त्याचे खाते बंद करण्याचा हा प्रकार मला अस्वस्थ करतो.

गुटमन ज्यू होते. १९३८ च्या नोव्हेंबरात ब्रेस्लाऊच्या इस्पितळात आसऱ्याला आलेल्या साठ जणांना त्यांनी रोगी ठरवून वाचवले. १९३९ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिलला त्यांनी मज्जारज्जूच्या रोग्यांचा विभाग उघडला. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, हा त्यांचा दंडक होता. जखमा टळल्या, माणसे जगू लागली.

१९४७ मध्ये त्यांनी व्हिटरिज यांच्यासह एक शोध मांडला. छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जू दुखावला, की रक्तवाहिन्यांना मेंदूचे हुकूम पोहोचत नाहीत. मग नुसते मूत्राशय तुंबले तरी रक्तदाब एकाएकी भडकतो. एरवी हाच रक्तदाब उठून बसताच घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा अस्थिर रक्तदाबाचा स्मरणशक्ती आणि एकाग्रतेशी संबंध असल्याचे अलीकडच्या अभ्यासकांना दिसते आहे. रोगी विसरतो, गप्प बसतो, तेव्हा तो मनाने खचला एवढेच आपण धरतो. मेंदूला रक्त कमी पडणे हेही त्याचे कारण असू शकते.

२९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या पहिल्याच दिवशी, गुटमन यांनी चाकांच्या खुर्चीतल्या सोळा जणांची तिरंदाजी भरवली. १९६० मध्ये तीच स्पर्धा रोमला पोहोचली. १९८० मध्ये ते वारले.

आपल्या घरात असा रोगी असेल आणि त्याचे डोके अचानक ठणकू लागले, चेहऱ्यावर घाम फुटला, तर नुसती डोकेदुखीची गोळी देऊन त्याला झोपवू नका. आधी बसते करा, घट्ट कपडे सैल करा, लघवी तुंबली आहे का पाहा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. गुटमन यांनी घालून दिलेला हा धडा आजही जीव वाचवतो.