विल्यम जेम्स वेस्ट
विल्यम जेम्स वेस्ट (१७९३–१८४८) हे इंग्लंडमधील केंट परगण्यातील टनब्रिज येथे व्यवसाय करणारे डॉक्टर होते. अर्भकांना होणाऱ्या एका गंभीर अपस्माराचे पहिले सविस्तर वर्णन त्यांनी केले. त्यातील रुग्ण त्यांचाच मुलगा जेम्स एडविन होता.

चार महिन्यांचा होईपर्यंत जेम्स निरोगी होता. पुढे त्याची मान झटक्याने पुढे झुकू लागली. हे झटके लागोपाठ येत. त्याचे हसणे व वस्तूंकडे लक्ष देणेही थांबले. जळवा, अफू आदी उपचार निष्फळ ठरले. लंडनमधील तज्ज्ञांनाही यश आले नाही, तेव्हा वेस्ट यांनी इतर डॉक्टरांचे मार्गदर्शन मागणारे पत्र लिहिले. ते १३ फेब्रुवारी १८४१ रोजी ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. जेम्स बरा झाला नाही. वडिलांच्या निधनानंतर बारा वर्षांनी, १८६० मध्ये तो मरण पावला.

हा विकार आज ‘वेस्ट सिंड्रोम’ या नावाने ओळखला जातो. जन्मावेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणे, मेंदूची सदोष रचना, ट्यूबरस स्क्लेरोसिस व इतर जनुकीय दोष ही त्याची प्रमुख कारणे होत. अनेक मुलांत बौद्धिक अक्षमता किंवा अन्य प्रकारचा अपस्मार कायम राहतो. मात्र कोणतेही मूळ कारण न आढळलेल्या आणि लवकर उपचार मिळालेल्या बालकांची वाढ तुलनेने चांगली होते.